नऊ मिनिटांचा कॉम्प्युटर

क्रॅन्स्टन, ऱ्होड आयलंड
११ जून २०१२

लाडके ऑरेलिया,

तुझा पत्ता तुझ्या बापाकडून उपटून घेतला. तो म्हणाला, "ती डोंगराच्या टोकावर एका मचाणात बसून वणवे शोधते, तिथे फोन लागत नाही, खेचरावरून टपाल जातं." मी म्हटलं, छान, म्हणजे माझं बोलणं मध्येच तोडायची सोय नाही.

तर ऐक. तुझ्या आत्याने कॉम्प्युटर बांधला आहे. विकत घेतलेला नाही, बांधला आहे. वाचनालयात चार मंगळवारांचा वर्ग होता, त्यात बारा पुरुष आणि मी. अडतीस वर्षं मी नकली दागिन्यांच्या कारखान्यात ब्रोचना खडे डकवले आहेत, तेव्हा माझ्यासाठी हे काम म्हणजे हातचा मळ. बाकीचे चष्मे पुसत बसले आणि माझा प्रोसेसर जागेवर बसलासुद्धा. तारा मी अशा बांधल्यात की पेटी उघडी ठेवून पाहुण्यांना दाखवावी.

पण तो चालू राहत नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखे फिरतात, पडद्यावर चित्र येतं. मी खुर्ची पुढे ओढते, हात जोडते, आणि थोड्या वेळात फट्‌ करून सगळं बंद. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याची नऊ मिनिटं. मी अंडी उकडायचं घड्याळ लावून मोजलंय. पास्ता शिजायला अकरा लागतात, म्हणजे हा पास्त्याच्याही आधी विझतो.

शिकवणारे मिस्टर होल्गेट वर्ग संपवून अलास्काला मासेमारीला गेले. इथल्या कुणाला मी विचारणार नाही, का ते विचारू नकोस. तू बॉस्टनला पाच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कंपनीत होतीस, तेव्हा तूच सांग. घाई आहे असं नाही. पण लवकर लिही.

तुझी आत्या,
फिलोमेना

ता.क. तो वरच्या दिवाणखान्यात चांगल्या टेबलावर ठेवलाय. टेबलावर प्लास्टिक आहेच, काळजी नसावी.


हॅटरॅक शिखर, आयडाहो
२३ जून २०१२

प्रिय झिया,

तुझं पत्र आज ऑर्विल घेऊन आला. ऑर्विल म्हणजे आमचा खेचरवाला. दहा-बारा दिवसांनी पीठ, पाणी, बॅटऱ्या आणि टपाल घेऊन वर येतो, आणि मी एक पत्र लिहीपर्यंत कॉफी पीत पायरीवर बसतो. आत्ताही बसलाय. इटालियनमध्ये आत्याला झिया म्हणतात, हे त्याला आत्ताच समजावलं. तुझ्या पत्रातलं "बारा पुरुष आणि मी" त्याला वाचून दाखवलं, तर म्हणाला, या बाईला माझा नमस्कार सांग. सांगितला.

आत्या, तू कॉम्प्युटर बांधलास! मला तर रडू फुटलं, हसता हसता. तुझ्या वरच्या दिवाणखान्यात! जिथे आम्हाला लहानपणी फक्त नाताळला प्रवेश होता! अजून तो सोफा प्लास्टिकच्या कव्हरात आहे का गं? उन्हाळ्यात अर्ध्या चड्डीत त्यावर बसलं की उठताना मांड्यांची साल निघायची. आणि टीव्हीचा रिमोट? अजून पिशवीत?

आता कामाचं. दोन गोष्टी बघ.

बटण आत अडकून राहत असेल. कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं की तो बंदच होतो. तेव्हा बटणाची तार काढून बघ.

दुसरं, मोठी हिरवी पाटी, म्हणजे मदरबोर्ड, पेटीच्या पत्र्याला कुठे थेट टेकत नाही ना? तिच्याखाली छोट्या पितळी खुंट्या असायला हव्यात. कमी-जास्त झाल्या तर वीज भलतीकडे जाते.

मी मजेत आहे. काल पहिला धूर दिसला, ताबडतोब वायरलेसवर कळवला. ते धुकं निघालं. खालच्या ठाण्यातले लोक फार सभ्य आहेत, हसले नाहीत. निदान वायरलेस बंद करेपर्यंत तरी.

तुझी,
ऑरेलिया


क्रॅन्स्टन
२ जुलै २०१२

लाडके ऑरेलिया,

रिमोट पिशवीत आहे म्हणूनच एकोणीस वर्षं चालतोय. तुझ्या आईने चार रिमोट बदलले. यावर आणखी चर्चा नको.

बटणाची तार काढली. मग चालू कसा केला विचार. दोन सुया उघड्या दिसत होत्या, त्यांना एका जुन्या ब्रोचची टाचणी क्षणभर टेकवली, आणि सुरू! मला कारखान्याचे दिवस आठवले, अंगात वारं शिरलं. नऊ मिनिटांनी तो परत गेला. बटण निर्दोष.

पितळी खुंट्या नऊ आहेत, नऊच्या नऊ जागेवर. बसवण्याआधी मी त्या लिंबू लावून घासल्या होत्या. आत काही मळकं ठेवायचं नाही, उद्या कुणी उघडून बघितलं तर आपलीच शोभा.

एक गंमत सांगते. काल त्याला उचलून तळघरातल्या स्वयंपाकघरात नेला, पास्ता लाटायच्या फळीवर ठेवला. तिथे तो सतरा मिनिटं चालला! मला वाटलं, मला वरचं स्वयंपाकघर मानवत नाही, तसा याला वरचा दिवाणखाना मानवत नाही. वरची शेगडी मी चौतीस वर्षांत पेटवलेली नाही, खालीच रांधते, तुला माहीतच आहे. पण परत वर नेला तर पुन्हा नऊ.

कीबोर्ड त्याच्या प्लास्टिकमध्येच ठेवलाय. अक्षरं जरा धूसर दिसतात, पण टोमॅटोचा डाग तर पडणार नाही.

कार्माइन रविवारी येऊन गेला. माझा मुलगा आहे म्हणून सांगत नाही, पण त्या माणसाचा आवाज फार मोठा आहे. "ममा, चाललं का तुझं खेळणं?" म्हणाला. मी म्हटलं, उत्तम चाललंय. ऑरेलिया, मी मुलाशी खोटं बोलले, आणि नंतर त्याला दुसऱ्यांदा मीटबॉल वाढले. लवकर लिही.

तुझी आत्या


हॅटरॅक शिखर
१४ जुलै २०१२

प्रिय झिया,

लिंबू लावून घासलेल्या खुंट्या! ऑर्विलला सांगितलं, तर त्याने टोपीच काढली.

तळघरात सतरा आणि वर नऊ, हे तू गंमत म्हणून लिहिलंस, पण यातच सगळं आहे. तळघर थंड, वरची खोली गरम. म्हणजे हा उष्णतेचा मामला. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःला वाचवायला सगळं बंद करून टाकतो. त्याची उष्णता ओढून घ्यायला वर तो मोठा धातूचा ठोकळा असतो, पातळ पातळ पात्यांचा, त्याला पंखा लावलेला. त्याला कूलर म्हणतात. आता तीन गोष्टी कळव. पंखा फिरतो का? प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधे तो करडा लेप लावला होतास का? आणि कॉम्प्युटर बंद पडल्या पडल्या कूलरच्या पात्यांना बोट लावून बघ, किती गरम आहेत. जपून, भाजेल.

घाई नाही म्हणतेस आणि प्रत्येक पत्रात "लवकर लिही" म्हणतेस. आत्या, काय चाललंय? कार्माइनशी खोटं बोलण्याएवढं काय अडलंय? मी आठ हजार फुटांवर आहे, कुणाला सांगायचं म्हटलं तरी सांगणार कुणाला? इथे एक खार आहे आणि ती मला ओळख देत नाही.

या आठवड्यात दोन धूर कळवले. एक खरा निघाला! विजेने पेटलेलं एकच झाड होतं, पण माझं होतं.

ऑरेलिया


क्रॅन्स्टन
२३ जुलै २०१२

लाडके ऑरेलिया,

आधी तुझी तीन उत्तरं. पंखा भिंगरीसारखा फिरतो. लेप मी स्वतः लावला, मसुराएवढा, बरोबर मधोमध. मिस्टर होल्गेटनी तो सगळ्या वर्गाला बोलावून दाखवला होता. कूलरचा तळ एवढा चकचकीत की त्यात मला माझी लिपस्टिक दिसली. आणि पाती भाजत नाहीत गं. गारेगार आहेत, चर्चच्या फरशीसारखी. बंद पडल्या पडल्या हात लावला तरी गार.

आता दुसरं. मदर्स डेला कार्माइन आणि माझी सून डेनीस जेवायला आले होते. कार्माइनने मोठा लिफाफा काढला. त्याने न्यू जर्सीतल्या त्याच्या घराचं तळघर माझ्यासाठी नीट करून घेतलंय. रंग दिलाय, बाथरूममध्ये धरायचे दांडे लावलेत. "ममा, तू एकाहत्तरची झालीस. आता हे घर विकायचं. तुला नवीन काही झेपत नाही. वीज गेली की मायक्रोवेव्हचं घड्याळ महिना महिना बाराच दाखवत राहतं."

ऑरेलिया, त्या तळघराला एक खिडकी आहे. मी मागे बघितली होती. तिच्यातून गाड्यांची चाकं दिसतात.

आणि मग मी, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, घड्याळाचं काय घेऊन बसलास, मी आख्खा कॉम्प्युटर बांधून दाखवते. सुटे भाग आणून, स्वतःच्या हाताने. पैज लागली. लेबर डेच्या आदल्या रविवारी, दोन सप्टेंबरला, इथेच जेवण. पहिल्या ऑलिव्हपासून शेवटच्या कॉफीपर्यंत कॉम्प्युटर बंद न पडता चालला, तर घर विकण्याचा विषय तो पुन्हा काढणार नाही. बंद पडला, तर मी न्यू जर्सीला. इथल्या कुणी त्याला हात लावायचा नाही, ही अट. म्हणून तुला लिहिलं. पत्राला हात नसतात.

गेल्या शनिवारी तो घर विकून देणारी एक बाई घेऊन आला. "फक्त अंदाज घ्यायला, ममा." तिने माझ्या खोल्या फीत लावून मोजल्या आणि सोफ्यावर बसताना म्हणाली, "अरे वा, अगदी नवीन आहे!" स्वतःचं कार्ड वरच्या फ्रीजला चुंबकाने लावून गेली. मी ते काढलेलं नाही. पैज म्हणजे पैज.

मुलगा वाईट नाही. त्याला भीती वाटते, आणि भीती वाटली की तो रंगकाम काढतो.

फिलोमेना


हॅटरॅक शिखर
४ ऑगस्ट २०१२

प्रिय झिया,

पत्र वाचून मी मचाणाभोवती तीन फेऱ्या मारल्या. चाकं दिसणारी खिडकी! नाही, नाही आणि नाही. तुझ्या मागच्या अंगणातल्या अंजिराला हिवाळ्यात गोधडी कोण गुंडाळणार?

आता नीट विचार करू. पाती गार आहेत म्हणजे कूलर आपलं काम चोख करतोय. तेव्हा उष्णतेचा माझा अंदाज चुकला. राहता राहिला पॉवर सप्लाय, मागचा तो चौकोनी डबा, ज्यात भिंतीतली तार जाते. तोच कच्चा असणार. थोडा वेळ दम धरतो आणि मग सोडतो. दुकानात जाऊन तसाच दुसरा आण आणि बदल. कुणाला हात लावू देऊ नकोस, पिशवीसुद्धा तूच उचल.

आणि आता माझीही कबुली. तू खरं सांगितलंस, मग मी का लपवू? आत्या, मी बॉस्टनला कॉम्प्युटर दुरुस्त करत नव्हते. मी फोनवर बसायचे. माणसं फोन करायची, मी कागदावरचं वाचून दाखवायचे: "बंद करा, दहा मोजा, चालू करा." पाच वर्षं. मी आयुष्यात एकही कॉम्प्युटर बांधलेला नाही. उघडलेलासुद्धा नाही. तुझ्या त्या नऊ पितळी खुंट्या मी फक्त चित्रात पाहिल्यात. घरी सगळे "आमची ऑरेलिया इंजिनियर" म्हणायचे आणि मला त्यांची चूक दुरुस्त करवत नव्हती. त्या कंटाळ्यातूनच इथे पळून आले.

रागावलीस तरी चालेल, पण डबा बदलून बघ.

ऑरेलिया


क्रॅन्स्टन
१२ ऑगस्ट २०१२

लाडके ऑरेलिया,

तुझी कबुली मी तळघरात उभ्याने वाचली आणि एवढी हसले की शेजारच्या बाईने कुंपणावरून विचारलं, कोण आलंय. म्हणजे आंधळीच्या हाताला धरून आंधळी चालली होती तर! आणि आपण बऱ्याच लांब आलो की गं. रागावू कशाला? मी कार्माइनला "उत्तम चाललंय" म्हणाले, तू घरच्यांना "इंजिनियर" म्हणू दिलंस. आपलं रक्त एकच.

डबा बदलला. दोन बस बदलून गेले, दोन बस बदलून आले, मांडीवर घेऊन. बसवायला चाळीस मिनिटं लागली. चालू केला. घड्याळ लावलं.

आठ मिनिटं, ऑरेलिया. उकाडा वाढलाय, म्हणून एक मिनिट कमी.

मग मी खुर्चीत बसून राहिले. खोटं कशाला सांगू, रडले थोडी. कॉम्प्युटर गेला खड्ड्यात. पण मला वाटायचं की माझे हात अजून शाबूत आहेत, आणि आता कार्माइन म्हणेल ते खरं निघतंय. सगळं बरोबर केलं तरी होत नाही, याचा दुसरा अर्थ काय? मी काल चांगल्या बशा वर्तमानपत्रात गुंडाळायला काढल्या. सहा गुंडाळल्या आणि थांबले. वर्तमानपत्र संपलं म्हणून.

पैज मोडणार नाही. हरले तर जाईन, आणि तिथेही मोठ्याने रेडिओ लावीन.

सोबत अंजिराची बिस्किटं पाठवत आहे. डबा नीट बांधलाय, खेचराच्या घामाचा वास लागायला नको. आता आणखी उपाय शोधत बसू नकोस. झाडांवर लक्ष ठेव.

तुझी आत्या


हॅटरॅक शिखर
२५ ऑगस्ट २०१२

झिया! झिया! झिया!

बशा सोड! वर्तमानपत्र सोड!

ऑर्विल आत्ता आला. मी तुझा बिस्किटांचा डबा उघडायला घेतला. वर प्लास्टिकची पिशवी, तिला गाठ. आत दुसरी पिशवी, तिला चिकटपट्टी. आत डब्याला तीन वेढे पातळ प्लास्टिक. आणि झाकण काढलं तर आत, बिस्किटांच्या वर, आणखी एक प्लास्टिक! दहा मिनिटं मी सोलत होते, ऑर्विल भुकेने हवालदिल झाला. म्हणाला, "या बाईच्या घरात कशाला हवा तरी लागते का?" मला तुझा सोफा आठवला. लॅम्पवरचं प्लास्टिक आठवलं. पिशवीतला रिमोट, पाकिटातला कीबोर्ड. आणि मग तुझं ते वाक्य: तळ एवढा चकचकीत की लिपस्टिक दिसली.

आत्या, नवीन कूलरच्या तळाला एक पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. बसवण्याआधी तो काढायचा असतो. तू काढलास? माझी खात्री आहे की नाही काढलास! तू आयुष्यात कधीच कशावरचा काढलेला नाहीस!

आणि मी महामूर्ख. पाती गार आहेत म्हणून मला वाटलं कूलर चांगला. उलट होतं! प्रोसेसर तापून बंद पडतोय आणि पाती गार, म्हणजे उष्णता त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. चूल पेटलेली आणि वरचं भांडं गार, तर मधे काहीतरी असणारच ना? काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपण दोघींनी अख्खा उन्हाळा वळसा घातला.

कूलरचे चार स्क्रू काढ. जुना लेप कॉफी गाळायच्या कागदाला स्पिरिट लावून पुसून घे. पापुद्रा सोल. पुन्हा मसुराएवढा लेप, पुन्हा कूलर.

ऑर्विलला आज पलीकडच्या मचाणावर जायचंय, त्याला खाली पोचायला तीन दिवस लागतील. पण इथे दोन गिर्यारोहक पाणी मागायला थांबलेत, उद्या गावात असतील. त्यांना निम्मी बिस्किटं देऊन हे पत्र सर्वांत जलद टपालाने टाकायची शपथ घ्यायला लावली आहे. एकाने छातीवर हात ठेवून घेतली. शनिवारच्या आत पोचो.

सोल, आत्या, सोल!
ऑरेलिया


क्रॅन्स्टन
४ सप्टेंबर २०१२

लाडके ऑरेलिया,

अक्षर बघून घाबरू नकोस. हे पत्र छापलेलं आहे. मी ते त्याच्यावर लिहिलंय, आणि आत्तापर्यंत दोन तास झाले.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. पोस्टमन दारात असतानाच मी पाकीट फाडलं. "सोल, आत्या, सोल" वाचलं आणि स्पिरिट आणायला खाली धावले. आधी मी तुझ्यावर चिडले होते, हे कबूल करते. मला शिकवते! पापुद्रा होता हे मला माहीत होतं. बघितला होता मी तो. त्यावर लाल अक्षरात लिहिलेलंही होतं, "वापरण्याआधी काढा." पण ऑरेलिया, कारखान्यात आमच्या प्रत्येक चकचकीत पत्र्यावर हेच लिहिलेलं असायचं, आणि ते गिऱ्हाइकासाठी असायचं. कामगाराने सोललं की मुकादम सगळ्यांसमोर नाव घेऊन ओरडायचा. अडतीस वर्षं मी पापुद्रा सांभाळून खडे डकवले. हात आपोआप सांभाळून गेले. या वेळी गिऱ्हाईकही मीच आहे, हे कुणी सांगितलंच नाही.

चार स्क्रू काढले. नखाने कोपरा उचलला. काय तो आवाज, स्स्स्स, लांबलचक! माझ्या अंगावर काटा आला. लेप लावला, कूलर बसवला, टाचणी टेकवली, घड्याळ लावलं. नऊ झाली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. अकरा झाली, घड्याळ वाजलं. मागे वळले तर तो चालूच होता. मग पाण्यात पास्ता टाकला, शिजवला, खाल्ला, भांडी घासली. तो चालूच. पात्यांना हात लावला तर कोमट, झोपलेल्या मांजरासारखी. मी त्याला म्हटलं, आत्ता कसं!

रविवारी कार्माइन आणि डेनीस एक वाजता आले. पहिलं ऑलिव्ह कार्माइनने स्वतः तोंडात टाकलं आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. मी पडद्यावर मासे पोहायला सोडले होते. सूप झालं, पास्ता झाला. दर घासाला कार्माइनची मान तिकडे. कोंबडीच्या वेळी तो उठून मागची तार बघून आला. सॅलडच्या वेळी म्हणाला, "ममा, फार गरम होतंय, खिडकी बंद करू?" लबाड, तापवून बंद पाडायचा डाव! मी म्हटलं, कर, शेगडीही पेटव हवी तर. आणि खरंच पेटवली, वरची, चौतीस वर्षांत पहिल्यांदा, कॉफी ठेवायला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्याने कप खाली ठेवला. मासे पोहत होते.

मग कार्माइन उठला, स्वयंपाकघरात गेला, फ्रीजवरचं ते कार्ड काढून आणलं आणि चार तुकडे करून माझ्या बशीत ठेवलं. म्हणाला, "ममा, मी घाबरलो होतो फक्त." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. आणि मायक्रोवेव्हकडे बोट दाखवलं. घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. तेही शनिवारीच लावलं होतं, लागल्या हाताने.

मग "उत्तम चाललंय" हे खोटं होतं, तेही मी त्याला कबूल केलं. "पण बिघडलं काय होतं?" त्याने विचारलं. मी रुमालात ठेवलेला पापुद्रा काढला आणि सगळं सांगितलं. तो हसायला लागणार, एवढ्यात डेनीस म्हणाली, "कार्माइन, तुझा फोन दाखव ना ममाला." तो फोन खिशात घालायला लागला. तिने हिसकावून घेतला. ऑरेलिया, दोन वर्षांचा फोन, आणि त्यावर दुकानातला पापुद्रा तसाच! कडा काळ्या झालेल्या, मधे एक बुडबुडा. आम्ही तिघं एवढं हसलो की कार्माइनला धरून सोफ्यावर बसवावं लागलं.

तो बसला आणि कर्रर्र असा आवाज झाला. तोच, प्लास्टिकचा. आमचं हसणं पुन्हा सुरू.

मी खाली गेले आणि कोंबडी कापायची कात्री घेऊन आले. कार्माइन ओरडला, "ममा, नको, खराब होईल!" मी म्हटलं, ऊठ.

सोफा हिरवा आहे, ऑरेलिया. कोवळ्या पिस्त्यासारखा हिरवा. मीच निवडला होता आणि विसरून गेले होते, इतकं ते प्लास्टिक पिवळं पडलं होतं. आल्डोला, माझ्या गेलेल्या नवऱ्याला, तो फार आवडायचा, पण तो बिचारा टोचतं म्हणून नेहमी स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीतच बसायचा. त्याचं मला वाईट वाटलं, आणि अजून वाटतंय. त्या एका गोष्टीसाठी मला रात्रभर रडावंसं वाटलं असतं, पण कार्माइन त्यावर हळूच बसला, मग मागे टेकला, आणि काहीच आवाज झाला नाही. दहा मिनिटांत तो तोंड उघडं ठेवून झोपला. सेहेचाळीस वर्षांचा माझा मुलगा. मी आणि डेनीसने कॉफी ओतून घेतली आणि त्याला झोपू दिलं.

मिस्टर होल्गेट अलास्काहून आले की पुढचा वर्ग आहे. वाचनालयाने विचारलंय की त्यांच्यासोबत मी शिकवीन का. मी म्हटलं, शिकवीन, पण पहिला तास पूर्ण सोलण्याचा.

ऑर्विलला सांग, या बाईच्या घरात आता हवा लागते. आणि तू, इंजिनियर, मचाणावरून उतरलीस की ऑक्टोबरमध्ये सरळ इथे ये. अंजिराला गोधडी गुंडाळायची आहे, वरच्या शेगडीवर तुझ्यासाठी काहीतरी भाजायचं आहे. तुला एक कॉम्प्युटर बांधायला शिकवते.

थंडी असली तरी अर्ध्या चड्डीत ये.

तुझी आत्या,
फिलोमेना